बिल, कासव आणि विंडोज ७

बी-२०३: आज १२ तारीख. सोसायटीचं तिमाहीचं बिल अजून नाही. उशिरा भरलं की २१ टक्क्यांनी व्याज लावायला मात्र कोणी विसरत नाही.

ए-५०१ खजिनदार: नमस्कार. बिलाचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालत नाही. तीन दिवस तेच करतोय. लॅपटॉपच्या आत दुसरा व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकलंय, पण माउस हलवला तरी पाच सेकंदांनी हलतो. सेटअप ४० टक्क्यांवर अडकलाय.

बी-६०२: काका, पाण्याची मोटरपण ४० टक्क्यांवरच आहे सकाळपासून 😄

सी-१०४: बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीटी-एक्स चालू करा. प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय आहे ती.

बी-२०३: थेट विंडोज ११ वर का नाही टाकत?

ए-३०२: त्याचा सेटअप १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या पद्धतीचा आहे. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचं काहीच उघडत नाही आणि ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कंपॅटिबिलिटी मोड लावूनही नाही. काकांनी ३२ बिटचं विंडोज ७ घेतलं ते बरोबर आहे. काका, व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का?

ए-५०१ खजिनदार: आहे. मला वाटलं तो त्यांचा लोगो असेल.

बी-६०२: कमिटीचा लोगो 🐢

सचिव: कृपया विषयाला धरून बोलावे.

सी-१०४: व्हीटी-एक्स बंद असेल. बायोसमध्ये जा.

ए-३०२: बंद असतं तर मशीन सुरूच झालं नसतं, ६.१ पासून व्हर्च्युअलबॉक्सला ते लागतंच. कासव म्हणजे व्हीटी-एक्स चालू आहे, पण ते विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीने (तेही व्हर्च्युअल मशीन चालवणारंच) धरून ठेवलंय. व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं, म्हणून रखडतंय. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसेल. बायोसला हात लावू नका काका. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर उगाच ४८ आकडी की मागत बसेल.

ए-५०१ खजिनदार: मग काय करू ताई?

ए-३०२: विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. तिथे मेमरी इंटेग्रिटी बंद करा. मग 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म, तिन्हीच्या खुणा काढा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. तरी कासव राहिलं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप करा: बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ. परत रीस्टार्ट.

सी-४०१: कमांड देवनागरीत देऊन काय उपयोग?

ए-३०२: ग्रुपवर फक्त मराठी लिहायचं हा ठराव तुम्हीच मांडला होता दादा. काकांना इंग्रजीत वेगळं पाठवलंय.

बी-२०३: बिल कधी?

सी-४०१: मेमरी इंटेग्रिटी बंद करणं म्हणजे लॅपटॉपची सुरक्षा कमी करणं, हेही सांगा.

ए-३०२: बरोबर. बिलं निघाली की परत चालू करायची. काका, व्हर्च्युअल मशीनला रॅम किती दिलीय?

ए-५०१ खजिनदार: ६ जीबी. जास्त दिली तर वेगात चालेल म्हणून.

सी-४०१: लॅपटॉपच ८ जीबीचा आहे काका!! ११ ला स्वतःला जागा कुठे उरली? आणि ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या वर दिसतच नाही. २०४८ एमबी द्या, प्रोसेसर २. पट्टी लाल भागात नेऊ नका. १६ जीबीचा घ्या म्हणून मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

सचिव: तो विषय मिनिट्समध्ये आहे. बहुमताने ८ जीबी ठरले.

सी-४०१: बहुमत म्हणजे चार जण आणि एक समोसा.

डी-१०१: कोणाची पांढरी गाडी माझ्या पार्किंगमध्ये आहे?

बी-६०२: गाडी नाही ती, कासव आहे.

ए-५०१ खजिनदार: कासव गेलं!! त्याच्या जागी 'व्ही' असलेली छोटी खूण आली. सेटअप पूर्ण झाला. पण सॉफ्टवेअर उघडताना एमएसकॉमसीटीएल डॉट ओसीएक्स रजिस्टर नाही म्हणतं.

सी-१०४: व्हीटी-एक्स चालू केलं का?

ए-३०२: जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या सॉफ्टवेअरचं हे नेहमीचं दुखणं. जुन्या सीडीवर ती फाइल असेल. ३२ बिट विंडोजमध्ये ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाका. मग त्या विंडोज ७ च्या आत, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, रेगएसव्हीआर३२ आणि पुढे फाइलचं नाव. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून केलंत तर परवानगी नाही म्हणून एरर देईल.

ए-५०१ खजिनदार: फाइल आत कशी नेऊ? ओढून टाकली तर जात नाही.

ए-३०२: ओढून टाकणं आणि शेअर्ड फोल्डर, दोन्हीला आधी आतल्या विंडोजमध्ये टाकायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्स लागतात. विंडोज ७ जुनं असेल तर त्यांच्या ड्रायव्हरची सही ओळखता येत नाही, कारण ती एसएचए-२ या नव्या पद्धतीची असते. म्हणून आत आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९ हे अपडेट, त्यानंतर गेस्ट ॲडिशन्स. हा क्रम मोडू नका.

ए-५०१ खजिनदार: पण हे अपडेटच आत कसे नेऊ? आतल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एकही साइट उघडत नाही.

सी-४०१: नाहीच उघडणार, साइटशी सुरक्षित जोडणीला लागणारं टीएलएस १.२ तिथे आपोआप चालू नसतं. आणि उघडूही नका. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. नेटवर्क ॲडॅप्टरच बंद करून टाका. फाइली ११ वर उतरवून घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्टोरेजमध्ये ऑप्टिकल डिस्क निवडताना 'क्रिएट व्हिसो' आहे, त्यात त्या ओढा. आत सीडी घातल्यासारखी दिसेल. ओसीएक्सपण त्यातच घाला.

ए-३०२: हे खरंच चांगलं सांगितलंत दादा.

सी-४०१: कधीकधी सांगतो चांगलं. मीटिंगमध्ये ऐकून घेत नाही कोणी.

बी-२०३: दुपार झाली. बिल?

ए-५०१ खजिनदार: सॉफ्टवेअर उघडलं 🙏 शेअर्ड फोल्डरही दिसतोय. बिलाची पीडीएफ कशी करू? प्रिंटरच्या यादीत पीडीएफ नाही.

ए-३०२: मायक्रोसॉफ्टचं 'प्रिंट टू पीडीएफ' विंडोज १० पासून आलं. ७ मध्ये वेगळा पीडीएफ प्रिंटर टाकावा लागेल आणि त्याला बहुतेक डॉट नेट ४.८ (मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर) लागेल. त्याची ऑफलाइन फाइल घ्या.

ए-५०१ खजिनदार: डॉट नेट म्हणतं, सर्टिफिकेट चेन विश्वासू रूटपर्यंत बनवता आली नाही. आता हे काय?

ए-३०२: आत मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट सर्टिफिकेट, म्हणजे सही खरी मानायचा मूळ दाखला, नाही आणि नेट बंद असल्याने ते स्वतः उतरवून घेणार नाही. ती छोटी सीईआर फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ११ वर घ्या, आत न्या. डबल क्लिक करू नका, ७ मध्ये ती फक्त तुमच्या युजरला लागते आणि सेटअप पुन्हा तेच म्हणतो. ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमधून सर्टयुटिल -ॲडस्टोअर रूट आणि फाइलचं नाव. मग डॉट नेट परत चालवा.

बी-६०२: एवढ्यात हाताने लिहून झाली असती ६४ बिलं.

सी-४०१: काका, आता मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर मागे जाता येईल.

ए-३०२: सॉफ्टवेअर बिघडलं तर मागे जा. पण पावत्या टाकायला लागल्यावर जाऊ नका, स्नॅपशॉटनंतर टाकलेल्या पावत्याही त्याबरोबर जातात. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. डेटा आतल्या सी ड्राइव्हवरच ठेवा, शेअर्ड फोल्डरवरून सॉफ्टवेअर चालवू नका. रोज काम संपलं की सॉफ्टवेअरमधला बॅकअप घेऊन तो शेअर्ड फोल्डरमध्ये, तिथून पेन ड्राइव्हवर.

सचिव: ताईंचे सोसायटीतर्फे आभार.

डी-१०१: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

ए-५०१ खजिनदार: सर्वांना बिलं पाठवली आहेत. उशिराबद्दल क्षमस्व. या तिमाहीत व्याज लागणार नाही.

बी-२०३: मिळालं. धन्यवाद. पण यात माझी थकबाकी ०? मागच्या तिमाहीचं मी भरलेलंच नाही, सिंकिंग फंडावरून वाद होता ना.

बी-६०२: माझीही ०. मी गप्प बसणार होतो.

सी-४०१: माझं जूनचं पेमेंटच दिसत नाही!

ए-३०२: काका, रिस्टोअर केलेली बॅकअप फाइल कुठल्या तारखेची आहे?

ए-५०१ खजिनदार: ३१ मार्च. पेन ड्राइव्हवर तीच होती. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला.

ए-३०२: जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क?

सचिव: हार्ड डिस्क काढून ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. किल्ली डी-१०१ कडे.

ए-५०१ खजिनदार: कृपया कोणीही पैसे भरू नका. संध्याकाळी ती डिस्क यूएसबी केसमध्ये लावून बघतो. डी-१०१, सहा वाजता येऊ का?

डी-१०१: या. आधी पांढरी गाडी कोणाची ते शोधा.

सी-१०४: व्हीटी-एक्स?