पेज हिरवं, क्लस्टर चालू, पण काट्याची चिठ्ठी सेव्ह होईना

हिंगणा_रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी एकटाच सांभाळतो. प्रॉक्समॉक्सचे (आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) तीन नोड, म्हणजे एका क्लस्टरमध्ये जोडलेले तीन सर्व्हर, त्यावरच सेफ, म्हणजे सगळ्यांच्या डिस्क मिळून एकच स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक नोडमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क, डेटाच्या तीन कॉपी. वजनकाटा, डिस्पॅच, हजेरी, सगळं ह्याच्यावरच.

शुक्रवारी रात्री दुसऱ्या नोडची एक डिस्क गेली. कॉपी तीन आहेत, सोमवारी बदलू म्हणून मी निश्चिंत झालो. रविवारी दुपारी गेटवरून फोन, "साहेब, चिठ्ठी निघूनच नाही राहिली." मॉनिटरिंग उघडलं तर सगळे अ‍ॅप हिरवे. काट्याचं पेज माझ्याकडेही उघडलं, पण सेव्ह दाबलं की चक्री फिरतच राहायची. गेटबाहेर ट्रकांची रांग, मे महिन्याचं ऊन, ड्रायव्हर टायरला टेकून ट्रकखाली बसलेले. एकानं ओला दुपट्टा डोक्यावर घेतला होता, दर दहा मिनिटांनी तो वाळायचा आणि तो पुन्हा नळावर जायचा. दीड तास ती माणसं माझ्या कामामुळे खोळंबली, हे मनातून जात नाही.

शेवटी फुल रेशो, म्हणजे डिस्क किती भरली की लिखाण थांबवायचं ती सेफची मर्यादा, ०.९५ चा ०.९७ केला, जुने स्नॅपशॉट (आधीच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती) काढले, तेव्हा लिखाण सुरू झालं. डिस्क गेली तेव्हा क्लस्टर ७२ टक्केच भरलेला होता. मग लिखाण थांबलं काहून? आणि अ‍ॅप व स्टोरेज, दोन्हींवर तुम्ही लक्ष कसं ठेवता?

बर्डीची_अ‍ॅडमिन:
भाऊ, तीन नोड आणि तीन कॉपी म्हणजे प्रत्येक नोडवर एक कॉपी. डिस्क बंद पडून दहा मिनिटं झाली की सेफ तिला बाद धरतो आणि तिचा वाटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर टाकायला लागतो. बाकीच्या दोन नोडवरची मोकळी जागा त्याच्या उपयोगाची नाही, तिथे कॉपी आधीच आहे. ७२ गुणिले ४ भागिले ३, झाले ९६! डिस्क ९० टक्क्यांवर गेली की ही भरपाई थांबते, पण अ‍ॅपचं लिखाण चालूच राहतं. शनिवारचा बॅकअप त्याच पूलवर, म्हणजे सेफमधल्या त्याच साठ्यावर, जातो का? जात असेल तर उरलेली जागा त्यानंच खाल्ली. एक जरी डिस्क ९५ ला टेकली की त्या पूलवर लिहिणं बंद. वाचणं चालू राहतं, म्हणून पेज उघडत होतं.

सेफची ८५ टक्क्यांची वॉर्निंग तुमच्या मांडणीत उशिराच येणार. अलर्ट ६० वर लावा. आणि सरासरी पाहू नका, 'सेफ ओएसडी डीएफ' चालवून सगळ्यांत भरलेली डिस्क पाहा (सेफमध्ये एक डिस्क म्हणजे एक ओएसडी).

बुटीबोरीकर:
अ‍ॅपबद्दल माझा अनुभव सांगतो. पेज उघडतं का, एवढंच तपासलं तर हेच होणार. आम्ही दर मिनिटाला एक चाचणी नोंद डेटाबेसमध्ये लिहितो, वाचतो, पुसतो आणि लागलेला वेळ मोजतो. दोन सेकंदांच्या वर गेला की मोबाइल वाजतो. सेफच्या मॅनेजरमधलं प्रोमिथियसचं (आकडे गोळा करणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) मॉड्यूल ९२८३ पोर्टवर क्लस्टरचे आकडे देतं, तेही त्याच डॅशबोर्डवर अ‍ॅपच्या शेजारी लावा.

एक कळकळीनं सांगतो, प्रोमिथियस आणि त्याचे इशारे पाठवणारा अलर्टमॅनेजर ह्या क्लस्टरवर ठेवू नका. स्टोरेज अडकलं की तेही अडकतात, मग सांगणार कोण? आमचं एका जुन्या डेस्कटॉपवर आहे, त्याला वेगळा यूपीएस.

हिंगणा_रात्रपाळी:
ताई, बॅकअप त्याच पूलवर होता. कालच हलवला. दादा, आमचं प्रोमिथियससुद्धा क्लस्टरवरच, आज ऑफिसमधला एक पीसी मागून घेतला.

नवी डिस्क बसली, भरपाई पूर्ण झाली, फुल रेशो परत ०.९५ केला. तरी त्या नोडवर ओएसडी ५ आहे ६८ टक्के आणि ओएसडी ७ आहे ७९. एवढा फरक?

बर्डीची_अ‍ॅडमिन:
बॅलन्सर, म्हणजे डिस्कवर डेटा सारखा वाटणारा सेफचा भाग, बंद दिसतो. 'सेफ बॅलन्सर स्टेटस' पाहा, अपमॅप मोडवर चालू करा. पण डेटा सरकताना काटा मंदावू शकतो, तेव्हा गेट बंद झाल्यावर, रात्रीच करा.

हिंगणा_रात्रपाळी:
बंदच होता. साडेअकराला चालू केला, चाचणी नोंदीवर नजर ठेवून बसलो आहे. सध्या अर्ध्या सेकंदात लिहून होते आहे.