सोलापूरच्या दानातला वाटा मेंदूच्या संशोधनाला का नको?

गड्ड्याचा_पाहुणा: दानाला आपल्या गावात तोटा नाही. अन्नछत्र, जीर्णोद्धार, रुग्णवाहिका, तिच्यावर आजोबांचं नाव. पण अल्झायमर, पार्किन्सनच्या संशोधनाला इथून कुणी पैसा दिल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. इन्फोसिसचे क्रिस गोपालकृष्णन यांनी 2014 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राला 10 वर्षांसाठी 225 कोटी देऊ केले. तेच केंद्र कोलारच्या श्रीनिवासपूर भागात पंचेचाळिशीपुढच्या खेडुतांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय. कारण अल्झायमर लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं आतून पोखरत असतो. एवढा दम दात्याच्याच पैशात असतो, सरकारी योजनेत नाही.

यंत्रमागवाला: काका, 225 कोटी कुठं अन् आपण कुठं! अल्झायमर मांडला गेला 1906 साली. त्यावरच्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली 2023 मध्ये. करतं काय, तर सुरुवातीच्या रुग्णांत दीड वर्षात स्मृतीची, समजेची घसरण 27 टक्क्यांनी मंदावते. तिथली 2023 मधली किंमत वर्षाला 26,500 डॉलर, वर सुरुवातीला दर पंधरवड्याला सलाईन, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना म्हणून एमआरआय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली बाई वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघते तेव्हा सासू रस्त्याला लागू नये म्हणून बाहेरून कडी घालते. तिला याचा काय उपयोग बे? तिला दिवसभर म्हातारी सांभाळणारी जागा द्या.

सातरस्ता: पण त्या सासूला नेमकं काय झालंय, हे ठरवलं कुणी? स्मृतीच्या नेहमीच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळ काढा. शाळेचं तोंड न पाहिलेली, घरात तेलुगू बोलणारी आजी त्यात नापासच होणार. निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी झाली, ती हरियाणात बल्लभगडला. इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड चालते. 2023 च्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात आपल्या पूर्व भागातले किती, सांगता येईल कुणाला? या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. इथल्याच वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा तरुण डॉक्टर, दारोदार फिरणाऱ्या तिन्ही भाषांतल्या चार बाया, बस्स. एखाद्या मंगल कार्यालयाच्या रंगरंगोटीत भागेल.

यंत्रमागवाला: भागेल. पुढं? आमच्या मावशीचं निदान झालं, डॉक्टर म्हणाले, ‘सांभाळा.’ ती रात्री दोनला उठून चूल पेटवायला बघायची, तिला कसं आवरायचं ते कुणी सांगितलं नाही. तुमचा सर्व्हेवाला कागद भरून चहा पिऊन जाणार.

गड्ड्याचा_पाहुणा: मग देणगीतच अट घाला. ज्या घराची माहिती घ्याल, त्या घरी आठवड्यातून दोनदा बाई जाईल. सुनेला दोन तास मोकळीक, आणि आजी रात्री कितीदा उठली, जेवली का, हे बाईच्या वहीत. संशोधनाला अशीच माहिती लागते.

यंत्रमागवाला: वही ठीक आहे. पाच वर्षांनी देणगी संपली की त्या बाईचा पगार कोण देणार, तेवढं आधी लिहा.