सभेची नोटीस स्पॅममध्ये काऊन गेली?

*आपली सोसायटी, मनीष नगर, नागपूर*

खजिनदार, बी-१०४ (रात्री ८:४०): नमस्कार. वार्षिक सभेची नोटीस काल सोसायटीच्या नव्या ईमेलवरून सगळ्यांना पाठवली आहे. कोणाला मिळाली, कोणाला नाही, कृपया कळवा.

ए-२०२: नाही मिळाली.

सी-३०३: मला स्पॅममध्ये सापडली. मी तर उघडलीच नाही, कोणी फसवून राहिलं वाटलं.

ए-४०१: मलाही नाही. जुना ईमेल चांगला चालू होता, तो काऊन बदलला? नोटीस पूर्ण १४ दिवस आधी पोचली पाहिजे, सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे. उद्या कोणी हरकत घेतली तर पूर्ण सभाच अडकते.

सी-४०१: काका, हे काम मी केलं आहे, तर उत्तर मीच देते. थोडं लांब होईल.

जुना ईमेल म्हणजे आपल्या माजी सचिवांचा घरचा जीमेल. त्यांनी कित्येक वर्षं एक पैसा न घेता काम केलं, त्यांचा काही दोष नाही. पण लिफ्टचा वार्षिक करार, मालमत्ता कराच्या पावत्या, कन्व्हेयन्ससाठी (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करायला) बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्यांच्या खात्यात आहे आणि ते आता पुण्याला मुलाकडे राहतात. मागच्या महिन्यात वकिलांनी एक पत्र मागितलं तेव्हा दवाखान्यात बसून ते आपल्यासाठी फोनवर मेल शोधत होते. मला ते फार लागलं. सोसायटीची डाक सोसायटीच्याच नावावर पाहिजे, कोणाच्या खिशात नाही.

डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, आपल्याकडे होतंच, वेबसाइटसाठी घेतलेलं. ते मायक्रोसॉफ्ट ३६५ या मेलच्या सेवेला जोडायचं ठरलं. तिथे खातं उघडलं की आधी ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम असं शेपूट असलेला पत्ता मिळतो. आपलं नाव लावायचं तर डोमेन आपलंच आहे हे दाखवावं लागतं. ते ‘एमएस’ने सुरू होणारा एक आकडा देतात, तो डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद, म्हणजे साध्या मजकुराची ओळ, म्हणून टाकायचा. डीएनएस म्हणजे आपल्या गेटवरचं रजिस्टर समजा. वेबसाइट बघायला आलेल्याने कुठे जायचं, डाक घेऊन आलेल्याने कुठे, सगळं त्यात लिहिलेलं. डाकेची ओळ म्हणजे एमएक्स. ती मी होस्टिंगवरून, म्हणजे आपली वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिथून, काढून मायक्रोसॉफ्टकडे वळवली. वेबसाइटच्या ओळीला हात लावला नाही, नेमसर्व्हर, म्हणजे हे रजिस्टर जिथे ठेवलं ती जागा, तीही बदलली नाही, म्हणून साइट एक मिनिटही बंद पडली नाही.

हे सगळं तान्ह्या पोळ्याच्या रात्री, मिहानवरून ड्युटी करून आल्यावर केलं. एक तास तर ऑटोडिस्कव्हरच्या नोंदीतच गेला. आउटलुक या मेलच्या अ‍ॅपला आपलं खातं आपोआप सापडावं म्हणून ती लागते. मी नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता टाकला होता आणि पॅनेल मागे आपलं डोमेन स्वतःच जोडून राहिलं होतं. नाव दोनदा लागत होतं. फक्त ‘ऑटोडिस्कव्हर’ एवढंच लिहिलं आणि झालं.

नोटीस स्पॅममध्ये का गेली ते आज रात्री बघते.

ए-४०१: बरं केलं सांगितलं. पण नोटिशीचं काय ते लवकर पाहा.

सी-४०१ (रात्री ११:२५): सापडलं. आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाला आहे, ती यादी एसपीएफ नावाच्या ओळीत असते. ही ओळ एका डोमेनला एकच चालते. होस्टिंगची जुनी ओळ तिथे होती आणि मी तिच्याखाली मायक्रोसॉफ्टची दुसरी टाकली. दोन दिसल्या की तपासणारा कोणतीच धरत नाही, चूक म्हणून सोडून देतो. आता दोन्ही नावं एकाच ओळीत घेतली. होस्टिंगचं ठेवलं, कारण साइटवरच्या तक्रारींचे मेल तिथूनच निघतात.

दुसरं म्हणजे डीकेआयएम, मेलवरची सही. तिच्यासाठी डीएनएसमध्ये दोन सीनेम नोंदी (मायक्रोसॉफ्टच्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या ओळी) टाकून मायक्रोसॉफ्टच्या पॅनेलमध्ये ती सुरू करावी लागते. मी ते उद्यावर टाकलं होतं, आता केलं. तोपर्यंत सही होते, पण त्या ऑनमायक्रोसॉफ्टच्या नावाने, आपल्या नाही. पत्ता आपला आणि सही दुसऱ्याची, मग जीमेल विश्वास कसा ठेवणार? फेब्रुवारी २०२४ पासून तर गुगलने हे नियम फार कडक केले आहेत. डीएमएआरसीची ओळही टाकली. या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते ती सांगते, सध्या फक्त नजर ठेवणारी आहे. महिनाभर नीट चाललं की कडक करू.

खजिनदार दादा, नोटीस सकाळी पुन्हा पाठवा. १४ दिवस त्या तारखेपासून मोजा आणि एक प्रत फलकावर लावा.

ए-२०२: बेटा, मी सोमवारी साइटवरून तक्रार टाकली होती. वरच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात गळून राहिलं. कोणी फोनही नाही केला. ती पण स्पॅममध्ये गेली का?

सी-४०१ (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:५०): काकू, बरं झालं विचारलं. तुमची तक्रार स्पॅममध्ये नाही, आपल्याकडे आलीच नव्हती. होस्टिंगच्या सर्व्हरला अजून वाटत होतं की आपली डाक त्याच्याकडेच राहते. बाहेरचे लोक एमएक्स पाहून बरोबर पोचत होते, पण साइटवरचा फॉर्म त्याच सर्व्हरवर. तो रजिस्टर न पाहता घरातल्या घरातच मेल टाकून देत होता. जुन्या पेटीत सात तक्रारी पडून होत्या, तुमच्या धरून. डाक कुठे टाकायची ती सेटिंग, ईमेल राउटिंग, ‘लोकल’ (इथेच) होतं ते ‘रिमोट’ (बाहेर) केलं, मग फॉर्मवरून स्वतः एक तक्रार टाकून पाहिली, लगेच आली. सातही सचिवांना पाठवल्या आहेत. मनापासून माफी मागते, पाच दिवस तुम्ही भिंत पुसत बसल्या असाल.

सचिव, बी-३०१: काकू, प्लंबर आज ११ वाजता येईल. वरच्या फ्लॅटवाल्यांशी बोललो आहे.

खजिनदार, बी-१०४ (सकाळी ९:०५): नोटीस पुन्हा पाठवली.

सी-३०३: इनबॉक्समध्ये आली. 👍

ए-४०१: आली.

सी-४०१: काका, संगणकावर जीमेल उघडून त्या मेलच्या तीन ठिपक्यांमध्ये ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी, तिन्हीपुढे पास दिसायला पाहिजे.

ए-४०१: तिन्ही पास आहे. पण आता हे सगळं तुझ्या हातात राहिलं नं? उद्या तू बंगलोरला गेली तर?

सी-४०१: तेच टाळायचं आहे. अ‍ॅडमिनची खाती दोन केली, सचिव आणि खजिनदारांची. दोन्ही मुद्दाम ऑनमायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावर ठेवली, डोमेनची मुदत चुकून संपली तरी आत जाता येईल. तक्रारींसाठी शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांना उघडता येणारी एकच पेटी, आहे. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, सचिव बदलले की फक्त प्रवेश बदलायचा.

एकच उरलं. डोमेन अजून माजी सचिवांच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. ते सोसायटीच्या नावावर करायला ठराव लागेल.

सचिव, बी-३०१: सभेच्या विषयपत्रिकेत ५ व्या क्रमांकावर घेतो. खजिनदार दादा, नोटिशीत जोडून आजच्या आज परत पाठवा.