पहिलं वेगळ्या आकाराचं घड्याळ: जुनं रिव्हर्सो घ्यावं का?

चौकट:
नमस्कार मंडळी. आठ वर्षं गोल घड्याळं जमवली. मग मित्राच्या मनगटावर चौकोनी कार्तिए टँक पाहिलं, आणि तेव्हापासून गोल डायलमध्ये मन रमत नाही. जीव खरा कार्तिएच्या वेड्यावाकड्या आकाराच्या क्रॅशवर, पण 1967 च्या लंडन क्रॅशला 2022 मध्ये लिलावात 16.5 लाख डॉलर मिळाले. तो विषय तिथेच संपला. माझं बजेट पाच लाख. एकाकडे स्टीलचं जुनं रिव्हर्सो आहे, म्हणजे डायल आत वळवून पालथं करता येणारं चौकोनी घड्याळ. 1932 चं म्हणतो. डायल लख्ख, त्यावर जेजर-लेकुल्त्र नाव, पाठीवर कुणाची तरी आद्याक्षरं. पाहायला जाताना काय तपासू?

जुना_काटा:
आधी डायलपाशी थांबा. रिव्हर्सोचं पेटंट मार्च 1931 चं, पॅरिसमधलं. सुरुवातीच्या डायलवर नुसतं ‘रिव्हर्सो’ असायचं. जेजर-लेकुल्त्र हे कंपनीचं नाव अधिकृत झालं 1937 मध्ये. म्हणजे एकतर साल चुकीचं, नाहीतर डायल नंतर बसवलेली किंवा रंगवलेली. नव्वद वर्षांची डायल थोडी पिवळी पडलेली, डागाळलेली असेल तर उलट बरं. आपल्याकडे रंगवलेल्या डायल इतक्या निघतात की परदेशातले लोक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. पहिल्या रिव्हर्सोंमध्ये मशीन ताव्हान या दुसऱ्या कंपनीचं होतं, घरचं म्हणजे लेकुल्त्रचं मशीन 1933 पासून आलं. उघडायला नाही म्हणाला तर उठून या.

चावीवाली_सायली:
काकांनी डायलचं सांगितलं, मी केसचं, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाचं सांगते. गोल घड्याळ थोडं घासलं गेलं तरी गोलच राहतं. रिव्हर्सोचं सगळं रूप मात्र वरखालच्या त्या आडव्या रेघांत आणि धारदार कडांत आहे. बफिंग, म्हणजे घासून पॉलिश झालं की रेघा बुजतात, कोपरे साबणाच्या वडीसारखे होतात, आणि ते परत येत नाहीत.

माझ्या आजोबांचं चौकोनी घड्याळ मी फक्त काच बदलायला दिलं होतं. दुकानदाराने न विचारता चकाचक करून दिलं. पाठीवरचं आजोबांचं नाव आता प्रकाशात तिरकं धरलं तरच वाचता येतं. अजून वाईट वाटतं.

म्हणून ती आद्याक्षरं भिंगाखाली बघाच. खोल आणि काठ तीक्ष्ण असतील तर केस फारशी घासलेली नाही, यापेक्षा चांगला पुरावा नाही. मग केस सरकवून उलटी करा. खडखडता कामा नये, शेवटी टक्क करून बसली पाहिजे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून हे उलटणं आलं. तेच ढिलं असेल तर काय उपयोग?

कोकणचा_गजर:
रोज वापरणार असाल तर 1930 च्या दशकातलं घेऊ नका. त्या केसमध्ये दमट हवा सहज शिरते, आमच्याकडे रत्नागिरीत तर पावसाळाभर कपाटातच ठेवावं लागेल. 1985 मध्ये केस नव्याने बनवली, ती धूळ-पाणी बऱ्यापैकी अडवते. त्यानंतरचं एखादं बघा. आणि पैसे बँकेतून द्या, पक्कं बिल घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे.

चौकट:
काल जाऊन आलो. मशीन लेकुल्त्रचंच निघालं, मग विक्रेत्यानेही 1932 चा हट्ट सोडला. आद्याक्षरं इतकी खोल की नखाला लागतात, रेघा शाबूत, टक्क आवाज स्पष्ट. डायल मात्र रंगवलेलीच: भिंगातून सेकंदाच्या छोट्या वर्तुळाच्या रेषा फाटलेल्या दिसतात. सायलीताई, अशा वेळी डायल तशीच ठेवावी की मूळ शोधावी? किंमत त्या हिशेबाने बोलायची आहे.

चावीवाली_सायली:
तशीच ठेवा. डायल पुढेमागे मिळेल, अशी केस नाही मिळणार. किंमत मात्र रंगवलेल्या डायलचीच द्या, आणि सर्व्हिसिंगला देताना चिठ्ठीवर ‘पॉलिश करू नये’ असं स्वतःच्या हाताने लिहा.