मदत हवी आहे: मृद आरोग्य पत्रिकेचा तक्ता मागच्या रांगेला दिसेल असा स्लाइडवर कसा मांडावा?

नमस्कार.

शेतकऱ्यांना स्वतःची मृद आरोग्य पत्रिका (माती तपासणीचा अहवाल) वाचता यावी, यासाठी मी पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण तयार करत असून त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पत्रिकेत सामू (pH, म्हणजे जमिनीचा आम्ल-विम्लपणा), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन अशा 12 घटकांची नोंद असते. संपूर्ण तक्ता एकाच स्लाइडवर घेतला, तर अक्षर इतके बारीक होते की मागे बसलेल्यांना ते वाचता येणार नाही. प्रत्येक घटकाला स्वतंत्र स्लाइड दिली, तर अक्षर 32 पॉइंटचे ठेवता येते. परंतु सामू वाढला की जस्त व लोह पिकाला कमी मिळतात, हा घटकांमधला संबंधच तुटतो, आणि मला नेमका तोच दाखवायचा आहे. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाअभावी कोवळी पाने पिवळी पडली, तरी नत्र कमी पडले असे समजून युरिया वाढवला जातो. त्यामुळे सामू, जस्त व लोह या तीन ओळी एकत्र दिसणे मला अत्यावश्यक वाटते.

सध्या पहिल्या स्लाइडवर सगळा तक्ता फिक्या रंगात ठेवून पुढच्या स्लाइडवर केवळ सामू, जस्त व लोह यांच्या ओळी मोठ्या करण्याचा विचार आहे. मॉर्फ संक्रमणाने (एका स्लाइडवरील वस्तू पुढच्या स्लाइडवर सरकत, आकार बदलत जाताना दाखवणारी सोय) हे सुरेख साधते. मात्र सभागृहातील संगणकावर 2013 ची आवृत्ती आहे, त्यात मॉर्फ चालत नाही. जुन्या आवृत्तीतही ओळ तक्त्यातूनच पुढे आल्यासारखी दिसावी, यासाठी कोणते ॲनिमेशन वापरावे? त्याकरिता तक्ता मोडून प्रत्येक ओळीची वेगळी चौकट करावी लागेल का?

दुसरा प्रश्न अक्षरांचा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो, म्हणून मी मुक्ता हा युनिकोड फॉन्ट घेतला आहे आणि सेव्हच्या पर्यायांतून तो फाइलमध्ये समाविष्ट केला आहे. तेवढ्याने सभागृहातील संगणकावर ‘सेंद्रिय’ आणि ‘स्फुरद’ यांतील जोडाक्षरे नीट राहतील, की नेहमीच्या निर्मला यूआयवरच थांबावे? शिवाय ओळींमधील अंतर 1 पेक्षा कमी केले, की खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीतील उकारांना भिडतात. मोठ्या पडद्यासाठी हे अंतर आपण किती ठेवता?

मधे बी कळ दाबून पडदा काळा करायचा आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाला हातातील पत्रिकेत आपला सामू शोधायला सांगायचे, असे योजले आहे. गावातील सभेत हे कोणी करून पाहिले असल्यास त्यासाठी किती वेळ राखून ठेवावा, तेही कृपया कळवावे.