मदत हवी आहे: मुलाला साध्या शाळेतच ठेवू की स्पेशल शाळेत घालू?

नमस्कार मंडळी, मुलगा सात वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) बौद्धिक दिव्यांगत्व ५० टक्के म्हणजे माइल्ड, सौम्य. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, घराजवळच्याच मराठी शाळेत पहिलीत आहे. परवा बाईंनी बोलावून सांगितलं, शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी बाई) आणा, पगार तुम्ही द्या, नाहीतर जूनपासून दुसरीकडे बघा. बाईंचा राग नाही हो, पन्नासच्या वर पोरं आहेत वर्गात, त्या तरी कुठं कुठं बघणार.

अक्षरांची गाडी क आणि म च्या पुढे गेलेली नाही. पण डबा स्वतः उघडतो, चपला ओळीत लावतो, राष्ट्रगीताला ताठ उभा राहतो आणि सगळ्यांचं म्हणून झालं की मागून एकटाच 'जय हे' म्हणतो. हे सगळं पोरांचं बघून बघून आलंय, मी शिकवलेलं नाही.

मिस्टरांचं म्हणणं स्पेशल शाळेत घालू, एका वर्गात आठ-दहा मुलं, स्पीच थेरपी तिथंच, पैसे मोजायला शिकवतात, इथं नुसता बसून असतो. सासूबाई म्हणतात शहाण्या पोरांत राहिला तर शहाणा होईल. मी जाऊन बघून आले ती शाळा, जिल्ह्याच्या गावी आहे, व्हॅनने पाऊण तास. आवडली खरं तर, पण बरीच मुलं बोलतच नव्हती, मग हा बोलणार कुणाशी? (लिहितानाही कसंतरी होतंय, त्यांच्या आयांनाही असंच वाटलं असेल.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर ६ ते १८ वर्षं शिक्षण मोफत, जवळची शाळा की स्पेशल शाळा ते आपण ठरवायचं असं आहे ना? मग शॅडो टीचरचा पगार आपल्यावर कसा काय? दोन्हीकडचा अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

रिप्लाय: ताई, माझी मुलगी १४ वर्षांची, चौथीपर्यंत साध्या शाळेत होती. अभ्यासामुळे नाही काढली, मधल्या सुट्टीत एकटी बसायला लागली म्हणून काढली. आता स्पेशल शाळेत मैत्रिणी आहेत. शॅडो टीचरचं शाळेकडून लेखी मागा, आमच्याकडं लेखी म्हटल्यावर सूरच बदलला. आणि पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) समावेशित शिक्षणाचे, म्हणजे साध्या शाळेतल्या आपल्यासारख्या मुलांसाठीचे, विशेष शिक्षक आहेत का विचारा, असतील तर शाळेत येऊन बघतात, फी नसते.

धागाकर्ती: लेखी मागायचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारी अर्ज देते. आणि मधल्या सुट्टीत गेटजवळ उभी राहून बघते, तो कुणाजवळ बसतो ते.