मुलगी एकटी कोलंबियाला निघाली आहे : नेमकी काळजी कशाची करावी?

नौपाडाकर

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी २७ वर्षांची असून ऐरोलीला नोकरी करते. येत्या जानेवारीत पाठीवर सॅक टाकून चार आठवडे एकटीने कोलंबियात फिरायचे असे तिने ठरवले आहे. बोगोता, मेदेयीन, कॉफीच्या मळ्यांमधले सालेंतो, समुद्रकाठचे कार्ताहेना आणि सांता मार्ता, तेथून परत फिरून दक्षिणेला पोपायान आणि पास्तोमार्गे इक्वेडोरची हद्द, असा तिचा आराखडा आहे. व्हिएतनाम तिने एकटीने केले आहे आणि पावसाळ्यातला एकही रविवार ती घरी नसते, त्यामुळे ‘मुलगी एकटी कशी जाणार’ हा माझा प्रश्न नाही.

माझा प्रश्न त्या देशाचा आहे. आमच्या पिढीला कोलंबिया म्हटले की कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबार आठवतो. तो १९९३ मध्ये मारला गेला, २०१६ मध्ये सरकारने फार्क या बंडखोर संघटनेशी शांतता करार केला आणि त्याच वर्षी अध्यक्ष सांतोस यांना नोबेल मिळाले, हे ती मला साल-तारखांसकट ऐकवते. परंतु अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पानावर मात्र ‘प्रवासाचा फेरविचार करा’ असेच लिहिलेले आढळते. तिला माझी परवानगी नको आहे. पैसे तिचे, रजा तिची. मला फक्त एवढेच कळून घ्यायचे आहे की काळजी करायचीच असेल, तर ती नेमकी कशाची करावी. ‘काही होत नाही हो’ आणि ‘अजिबात पाठवू नका’ ही दोन्ही उत्तरे मला नातेवाइकांकडून यथेच्छ मिळाली आहेत.

पारसिक_टेकडी

काका, मी २०२३ मध्ये पाच आठवडे तेथे होतो. आपण ज्या पानाचा उल्लेख केला आहे, ते शेवटपर्यंत वाचावे अशी माझी पहिली विनंती आहे. या सूचनांच्या चार पातळ्या असतात आणि वरचा आकडा संपूर्ण देशाचा असला, तरी खरी माहिती खाली प्रांतवार दिलेली असते. त्याच खात्याच्या यादीत आपला भारतही ‘अधिक सावधगिरी बाळगा’ या दुसऱ्या पातळीवर असतो, आणि म्हणून आपण काही ठाण्याहून नाशिकला जायचे थांबत नाही. कोलंबियाच्या बाबतीत व्हेनेझुएलाच्या सीमेलगतचे आराउका आणि नोर्ते दे सांतांदेर, तसेच नैर्ऋत्येकडचा कौका हे प्रांत खरोखरच टाळण्याजोगे आहेत. फार्कने शस्त्रे खाली ठेवली, परंतु तिच्यातून फुटलेले गट आणि ईएलएन ही दुसरी संघटना अजून सक्रिय आहेत. जानेवारी २०२५ मध्ये काताटुंबो खोऱ्यात या दोघांच्या आपसांतील लढाईत हजारो माणसांना घरे सोडावी लागली. ते खोरे नोर्ते दे सांतांदेर प्रांतातच येते.

आता आपल्या मुलीचा आराखडा या नकाशावर ठेवून पाहा. बोगोता, मेदेयीन, सालेंतो, कार्ताहेना, सांता मार्ता हा भाग रोज हजारो परदेशी लोक फिरतात. काटा येतो तो शेवटच्या टप्प्यात. पोपायान हे कौका प्रांताचे मुख्य शहर असून शहर म्हणून ते सुंदर आहे, मात्र तेथून पास्तोकडे जाणारा महामार्ग कौकाच्या अशांत भागातून जातो आणि त्यावर रात्रीच्या बसने जाऊ नये, हे मला तिकडच्या तीन वेगवेगळ्या माणसांनी, मी न विचारता, सांगितले होते. इक्वेडोरला जायचेच असेल, तर विमानाने जावे. हा एक टप्पा बदलला, तर अर्धी काळजी कमी होईल, असे माझे मत आहे.

सांता मार्ताजवळचा ‘हरवलेले शहर’ हा चार दिवसांचा ट्रेक ती करणारच असेल. तेथून २००३ मध्ये ईएलएनने आठ परदेशी पर्यटकांचे अपहरण केले होते, हे इंटरनेटवर आपल्या वाचनात येईल, म्हणून आधीच सांगतो. आज तेथे अधिकृत वाटाड्यांच्या गटाबरोबरच जाता येते. मी गेलो तेव्हा सर्वांत मोठा शत्रू डास होता आणि दुसरा नदी ओलांडताना ओले झालेले बूट.

राहिली चोरी, आणि खरा धोका तोच. माझा फोन बोगोताच्या ला कांदेलारिया या जुन्या भागात, दुपारी दोन वाजता गेला. मी चौकात उभा राहून नकाशा बघत होतो. मोटरसायकलवर दोघे आले, मागच्याने हात लांब केला आणि फोन गेला; मला आवाजही नीट ऐकू आला नाही, फक्त तळहातावर कव्हरची कड घासल्याची एक लाल रेघ उरली. कळवा–ठाणे मार्गावर लोकलच्या दारात उभे राहून फोनवर बोलणाऱ्याला खांबावर चढलेल्या चोराचा फटका बसतो ना, अगदी तीच रीत. त्यांच्याकडे यासाठी एक म्हण आहे, ‘नो दार पापाया’, म्हणजे शब्दशः ‘पपई देऊ नये’. समोरच्याला आयती पपई कापून दिली, तर तो खाणारच, असा तिचा अर्थ. मी त्या चौकात पपई घेऊनच उभा होतो. गंमत अशी की आयुष्यभर आठ वाजून काही मिनिटांच्या फास्टमध्ये सॅक पोटावर घेऊन चढलेला मी, बोगोतात उतरल्यावर मात्र ती निवांत पाठीवर टाकून फिरत होतो.

खारघरची_भटकी

पारसिक यांचे प्रांतांविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते, परंतु लोकलच्या तुलनेबाबत थोडा मतभेद नोंदवते. मी तेथे एकटी सहा आठवडे होते. ‘आम्ही मुंबईचे, आम्हाला गर्दी काय शिकवता’ हा आत्मविश्वास तेथे दोन कारणांनी घात करतो. एक म्हणजे चोराजवळ सुरा किंवा बंदूक असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. फोनसाठी झटापट करायची नाही, मागे धावायचे नाही, मागितले ते देऊन टाकायचे. आपल्याकडे आरडाओरडा केला की चार माणसे धावतात, या सवयीवर तेथे विसंबू नये. दुसरे म्हणजे भाषा. स्पॅनिश न येणारी मुलगी रस्त्यात गोंधळून उभी राहिली की ते दहा पावलांवरून कळते, म्हणून काका, उरलेल्या महिन्यांत तिला आकडे, दिशा आणि ‘मला मदत हवी आहे’ एवढे स्पॅनिश पाठ करायला सांगा.

ज्या गोष्टीवर येथे कोणी लिहिले नाही, ती स्कोपोलामिन, म्हणजे माणसाला भान हरपायला लावणारे एक वनस्पतिजन्य द्रव्य. तिकडे तिला बुरुंदांगा म्हणतात. आपल्या धोतऱ्याच्या कुळातले, खाली लोंबणारी मोठी फुले येणारे एक झाड तेथे बागांतून सर्रास दिसते. त्यात आणि आपल्या धोतऱ्यातही हेच द्रव्य असते. पेयातून ते पोटात गेले की माणूस शुद्धीवर असल्यासारखा दिसतो, सांगितलेले ऐकतो, स्वतःच एटीएमचा आकडा सांगतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. मात्रा जास्त झाली तर जीवही जातो. २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मेदेयीनमध्ये आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या दूतावासाने डेटिंग ॲपवरून ओळख झालेल्यांना भेटण्याबाबत खास इशारा दिला. हा विषय वडिलांनी मुलीशी बोलायला अवघड आहे, याची मला कल्पना आहे. हवे तर माझा हा प्रतिसाद तिला तसाच पाठवा. रेल्वे स्थानकावर ‘अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ घेऊ नका’ ही सूचना आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ मला मेदेयीनच्या होस्टेलात खऱ्या अर्थाने कळला, जेव्हा माझ्या खोलीतली एक मुलगी बारमध्ये स्वतःचा ग्लास घेऊनच स्वच्छतागृहात जायची. मी आधी हसले होते. नंतर मीही तसेच करू लागले.

टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवू नये, ॲपवरून किंवा होस्टेलमधून मागवावी. रस्त्यातल्या टॅक्सीत मध्येच दोघे चढतात आणि माणसाला एटीएममागून एटीएम फिरवतात, या प्रकाराला तेथे ‘कोट्यधीशाची सहल’ असे खास नावच पडले आहे. पैसे काढायचे ते दिवसा, बँकेच्या किंवा मॉलच्या आत. बोगोतामधील मोन्सेराते टेकडीवर पायवाट आहे, आणि आपल्या येऊरच्या डोंगरात जाणाऱ्या मुलीला ती खुणावणार. ती गर्दीच्या वेळीच चढावी, एरवी रोपवेने जावे, कारण वाट सुनी झाली की लुटीच्या घटना होतात. बोगोता पायी पाहायचे असेल, तर रविवार राखून ठेवावा. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सगळे शहर सायकलवर किंवा पायी बाहेर पडते. मला त्या शहराची भीती वाटेनाशी झाली ती अशाच एका रविवारी, एका आजोबांनी रस्त्याच्या मधोमध बसून माझ्या भाड्याच्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली तेव्हा.

नेरूळचा_वैद्य

दोन वैद्यकीय बाबी. कोलंबिया हा पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) देश आहे आणि तेथून भारतात परतणाऱ्याकडे लसीचे पिवळे कार्ड नसेल, तर येथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. ही लस केवळ सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते आणि पुढे आयुष्यभर चालते. केंद्रांत तारखा सहज मिळत नाहीत, त्यामुळे डिसेंबरची वाट पाहू नये. लस ही केवळ कागदासाठी आहे असेही समजू नये, कारण २०२५ मध्ये तेथे या रोगाची साथ इतकी वाढली की सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

दुसरे असे की बोगोता साधारण २६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. पहिले दोन दिवस दम लागणे, डोके दुखणे साहजिक आहे. थकलेला माणूस बेसावध असतो, म्हणून पोहोचल्या दिवशी केवळ जेवून झोपावे. विम्याच्या कागदात ट्रेकिंगची उंचीमर्यादा आणि मद्यपानाबाबतची अट तेवढी वाचून घ्यावी.

नौपाडाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खारघरच्या ताईंचा प्रतिसाद मी मुलीला जसाच्या तसा पाठवला. ‘हे मला ठाऊक होते’ असे तिचे उत्तर आले, आणि अर्ध्या तासाने ‘ग्लासचे ठाऊक नव्हते’ असे दुसरे. पोपायान–पास्तोबद्दल काल बराच वाद झाला. बस दिवसाची घेते, असे ती प्रथम म्हणाली. परंतु तिने स्वतःच तेथील बातम्या शोधून वाचल्यावर तो टप्पा काढून टाकला आणि ते चार दिवस कॉफीच्या मळ्यांकडे वळवले.

एक शंका उरली आहे. तिच्या आईला रोज फोन हवा आहे आणि मुलीला ते जाच वाटते. शिवाय फोनच चोरीला गेला, तर संपर्क कसा ठेवावा?

खारघरची_भटकी

काका, तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिकडे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा ठाण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा असतात. आमच्याकडे हाच नियम होता : आईचा पहिला चहा होईपर्यंत मी होस्टेलवर पोहोचलेली असायचे आणि तेथून एकच ओळ पाठवायचे. त्यामुळे अंधार पडल्यावर बाहेर न भटकण्याची शिस्त मला आपोआप लागली, हे मी आईला अजून सांगितलेले नाही. एक दिवस निरोप आला नाही तर लगेच घाबरायचे नाही, कारण डोंगराळ भागात नेटवर्क जाते आणि पावसाने दरड कोसळली की आपल्या माळशेजसारखाच तिकडचा घाटही तासन्‌तास बंद पडतो. ट्रेकचे चार दिवस तर संपर्काविना जातील असेच धरून चाला. एरवी दुसऱ्या दिवशीही काही कळले नाही, तर आधी होस्टेलला फोन करायचा आणि मग बोगोतातील भारतीय दूतावासाला, असे आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले होते.

दोन फोन न्यावेत. चांगला खोलीतल्या कुलपात आणि जुना रस्त्यावर. ईमेलचा पासवर्ड आणि आपला नंबर तिला तोंडपाठ असू द्या. माझ्या ओळखीच्या एकाला फोन गेल्यावर घरातल्या एकाही माणसाचा नंबर आठवला नव्हता. पासपोर्टची प्रत जवळ बाळगावी आणि तेथील आपत्कालीन क्रमांक १२३ आहे.

नौपाडाकर

साडेसहाची वेळ दोन्ही पक्षांना मान्य झाली आहे. पीतज्वराच्या लसीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. आमचा जुना हँडसेट कपाटातून काढला असून त्याची बॅटरी फुगलेली निघाली, ती बदलायला आज संध्याकाळी स्टेशनजवळ जाणार आहे.